अण्णा झोपलेत

थंडखोलीत शिरताना चपला बाहेर काढून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तोच माझा गाइड होता. खोलीचं तापमान फ्रिजइतकं, खाली बर्फासारखी फरशी, आणि आमचे सर अनवाणी. डोक्याला माकडटोपी, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर आणि पाय उघडे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "देवघरात बूट घालून जातात काय?" त्या देवघरात आम्हा सगळ्यांच्या बाटल्या असत, कुणीतरी विसरलेला दहीभाताचा डबा असे, आणि मागच्या फळीवर सरांची अँटिबॉडी असे. चपला तिच्यासाठी निघत होत्या.

मी कराडहून म्हैसूरला पीएच.डी.ला गेले तेव्हा गाइड मराठी आहे म्हणून आईला कोण आनंद झाला होता. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल, असं ती शेजारणींना सांगत सुटली. आपला माणूस कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला येऊन राहिलेल्या रंगाऱ्यांच्या घरातला होता. त्याची मराठी निम्मी कन्नड होती आणि त्यानं आयुष्यात सांभाळून घेतलं ते फक्त स्वतःच्या मताला. मला सरांची मराठी कळायला पहिलं वर्ष गेलं. मत मात्र पहिल्याच दिवशी कळलं, कारण ते एकच होतं.

ते मत असं की माणसाचं आजारपण, बरं होणं, राग, लोभ आणि बहुधा लोकसभेचे निकालसुद्धा एकाच प्रोटीनवर अवलंबून असतात. त्या प्रोटीनचं शास्त्रातलं नाव चार अक्षरं आणि एक आकडा असं रुक्ष आहे. सर त्याला अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे कन्नडात थोरला भाऊ. नव्या विद्यार्थ्याला ते खुर्चीवर बसवून अण्णांचं चरित्र सांगत, आणि ते सांगत मात्र सुंदर, एवढं मला कबूल केलं पाहिजे. पेशीच्या आत, पण केंद्रकाच्या बाहेर, अण्णा दोरीनं बांधलेले असतात. बाहेर जंतू आला की पेशीच्या कातडीवर निरोप येतो. तो एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात आत पोचतो. दोरी तुटते. अण्णा केंद्रकात शिरतात, डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतात आणि झोपलेली जनुकं जागी करतात. मग सूज, ताप, लढाई. जागं झालेल्या त्या जनुकांतच एक जनुक नवी दोरी वळणारं असतं. काम झालं की तीच दोरी अण्णांना पुन्हा बांधून बाहेर बसवते. दोरी वेळेवर वळली गेली नाही तर लढाई थांबतच नाही, आणि शरीर स्वतःचेच सांधे खायला लागतं.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पाठ्यपुस्तकातही थोड्याफार फरकानं हेच सापडतं. पण सर पाठ्यपुस्तकाशी थांबले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

ऑफिसातला क्लार्क चिडून बोलला की सर बाहेर येऊन आम्हाला हलक्या आवाजात सांगत, "अण्णा आत गेलेत त्याचे. आता दोन तास काय विचारू नका." कुक्करहळ्ळी तळ्यावर सकाळी फिरायला गेले की ओळख ना पाळख अशा माणसाला थांबवून त्याच्या नाकपुड्या बघत आणि अण्णांचा ठावठिकाणा सांगत. एका निवृत्त पोलिसानं त्यांना दम दिला, तर लॅबमध्ये येऊन म्हणाले की बघा, निदान बरोबर निघालं. वाऱ्याच्या झोतानं अण्णा जागे होतात म्हणून लॅबमध्ये पंखा लावायची बंदी. एप्रिलमध्ये घामाचे थेंब जेलमध्ये पडत आणि आम्ही रुमाल बांधून काम करत असू. आणि त्यांचं आवडतं वाक्य होतं, जे ते महिन्यातून एकदा तरी माझ्या तोंडावर फेकत. "पेशी खोटं बोलत नाही. विद्यार्थी बोलतो."

पेशीचं बोलणं ऐकायचं साधन म्हणजे ती अँटिबॉडी. पेशीतली सगळी प्रोटीनं जेलमध्ये त्यांच्या आकाराप्रमाणे पांगवायची, तिथून एका पांढऱ्या कागदासारख्या पटलावर उतरवायची आणि वर अँटिबॉडी ओतायची. ती हजारो प्रोटीनांतून आपल्या एकालाच चिकटते आणि त्या जागी काळा पट्टा उमटतो. पट्टा गडद तर प्रोटीन पुष्कळ, फिका तर थोडं. लोक अशी अँटिबॉडी कंपनीकडून विकत घेतात. सरांनी तरुणपणी स्वतः सशांना टोचून आपली बनवली होती. ते ससे कधीच वर गेले, पण त्यांचं रक्तजल शंभर बारीक नळ्यांत भरून गोठवून ठेवलेलं होतं, आणि सरांचे सगळे शोधनिबंध त्या नळ्यांतून निघाले होते. कुणी कंपनीच्या अँटिबॉडीचं नाव काढलं की त्यांना घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटे. आमच्या आजोबांचा रंग एका धाग्याला लागला की शेजारच्या धाग्याला लागत नव्हता, हे आमच्या रक्तातच हाय, असं सांगत. आजोबांचं लुगडं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

दसऱ्यात आयुधपूजेला म्हैसुरात रिक्षापासून क्रेनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. आमच्याकडेही सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ पडे, मायक्रोस्कोपला गंध लागे, दारात कोहळा फुटे. त्यात काही वावगं नाही, मला ते आवडायचंच. पण सर त्या दिवशी अँटिबॉडीची एक नळी बर्फाच्या डब्यात बसवून पाटावर ठेवत, तिला कुंकवाचं बोट लावत आणि आम्हा सगळ्यांना तिच्यापुढे वाकायला लावत. वाकताना माझ्या मनात यायचं की एका मेलेल्या सशाच्या पाया पडायला मी कराडहून आले. पण वाकायचे. थिसिसवर सही त्यांची लागणार होती.

माझ्या चौथ्या वर्षी आमचा एक निबंध बाहेरच्या नियतकालिकानं परत पाठवला. परीक्षकाची मागणी साधी होती. ज्या पेशींतून अण्णांचं जनुकच कापून टाकलं आहे, अशा पेशींवर तुमची अँटिबॉडी वापरून दाखवा. तिथे पट्टा येता कामा नये. ही तपासणी कुणीही पहिल्याच वर्षी करायला हवी होती. ती कधीच झाली नव्हती, आणि कारण विचारल्यावर सरांनी दिलेलं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. "नसलेल्या माणसाचा फोटो काढायचा कशाला?"

मी पेशी बनवल्या. जनुक कापलं गेलंय हे डीएनए वाचून दोनदा पडताळलं. मग सरांची अँटिबॉडी ओतली. पट्टा आला. तिथेच, तेवढाच, तसाच काळाभोर. मला आधी वाटलं माझ्याच हातून नमुने बदलले गेले. पुन्हा केलं, पुन्हा आला. मग मैत्रिणीच्या लॅबमधून कंपनीची अँटिबॉडी थेंबभर मागून आणली. साध्या पेशींत तिचा पट्टा आला, कापलेल्यांत पटल कोरं करकरीत. म्हणजे सशांची अँटिबॉडी अण्णांना कधी चिकटतच नव्हती. त्याच आकाराच्या दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोटीनला चिकटत होती, आणि वीसेक वर्षं आम्ही त्या परक्याचे फोटो अण्णांच्या नावावर छापत होतो.

सरांनी दोन्ही चित्रं खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. मी मनात म्हणत होते, आता हा माणूस खुर्चीत बसेल. ते बसले नाहीत. म्हणाले, जनुक काढलं म्हणून काय झालं, पेशीला आठवण राहते. मग म्हणाले, तुझ्या कात्रीनं भलतंच कापलंय. मी डीएनएचा पुरावा पुढे केला, तर माझ्या हाताला घाम फार येतो असा शोध त्यांनी लावला. त्या दिवसापासून ते माझ्या टेबलाकडे फिरकेनासे झाले. येताजाता समोर दिसले की मफलर नीट करत आणि छताकडे बघत निघून जात. मला त्यांची कीवही आली नाही. राग आला, आणि तो अजून आहे.

कारण प्रश्न निबंधापुरता राहिला नव्हता. प्रश्न अक्कांचा होता.

अक्का म्हणजे सरांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनं त्यांना वाढवलं, शिकवलं. लग्न केलं नाही. रेशमी साड्यांच्या पदराला कुच्चु बांधायचं काम ती करायची. कुच्चु म्हणजे पदराच्या सुट्या धाग्यांचे गोंडे. एकेक गोंडा बोटांनी वळून, गाठ मारून, मणी ओवून बांधायचा. म्हैसूरच्या किती बायका अक्कांच्या गोंड्यांनी मिरवल्या असतील आणि सरांच्या किती डिग्र्या त्या गोंड्यांना लोंबकळत असतील, कोण जाणे. या अक्कांना संधिवात झाला. शरीर स्वतःचे सांधे खातं तो, सर ज्याच्यावर संशोधन करत तोच. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. त्यांनी अक्कांना मळमळायचं, केस गळायचे, पण बोटं चालत होती.

मग सरांना कल्पना सुचली की अण्णांच्या पट्ट्यावरून संधिवाताची तपासणी काढायची. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, पट्टा बघायचा, फिका असला तर रोग शांत झाला, गोळ्या बंद. पहिली रुग्ण घरातच होती. एका सकाळी ते लॅबमध्ये पेढे घेऊन आले. अक्कांचा पट्टा फिका आला होता. "अण्णा झोपलेत," ते म्हणाले. "गोळ्या बंद केल्या." डॉक्टरांना विचारलंत का, असं मी विचारलं. डॉक्टरला अण्णांबद्दल काय माहिती हाय, असं म्हणाले आणि मला पेढा दिला. पुढे प्रत्येक परिषदेत एक चित्र दाखवत. अक्कांचा हात, शेजारी फिका पट्टा. "माझी सख्खी बहीण," असं ते सांगत तेव्हा सभागृहात लोक हळवे होत.

कापलेल्या पेशींत पट्टा आला त्या आठवड्यात मी सरांना गाठून विचारलं की आता अक्कांच्या गोळ्यांचं काय. ते म्हणाले, तुझे प्रश्न तुझ्या थिसिसपुरते ठेव. मग मी त्यांच्या घरी गेले. सर तळ्यावर नाकपुड्या तपासायला गेलेले असतात ती वेळ साधून.

अक्कांनी कॉफी केली. डिकॉक्शनच्या भांड्याचं झाकण मनगटानं दाबून फिरवलं आणि पेला दोन्ही तळव्यांत धरून माझ्यापुढे ठेवला. बोटांची पेरं सुजून चकाकत होती. उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलली होती, वाऱ्यानं भात एका बाजूला झुकावा तशी. कुच्चुचं काम कधीच सोडून दिलं म्हणाल्या. भिंतीच्या कडेला रेशमी धाग्यांच्या लड्या तशाच होत्या. मी विचारलं, सरांना हे दिसत नाही का.

"दर महिन्याला रक्त घेतोय की," अक्का म्हणाल्या. "दुखतंय का म्हणून विचारतोय. मी म्हंते स्वल्प बरं हाय. नाही म्हटलं तर त्याचं तोंड बघवत नाही गं." मग त्यांनी विचारलं, "तो म्हंतो ते झोपलंय म्हणून. झोपलेलं एवढं दुखतंय काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. जेल, सशाचं रक्त, कापलेलं जनुक, दुसराच कोणीतरी निघाला तो पट्टा. त्या मन लावून ऐकत होत्या. विज्ञानाची डिग्री घेतलेल्या कितीतरी लोकांना मी हे सांगून दमले आहे, अक्कांना एकदाच सांगावं लागलं.

"मग तो पट्टा कुणाचा?"

"माहीत नाही अक्का. कुणालाच माहीत नाही."

"अय्यो," त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं पूजा केला ती कुणाची?"

आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, तेही तळव्यांनीच. मला मात्र हसू येईना. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, मला डॉक्टरकडे ने, पण भावाला बाकीचं काय सांगू नको, त्याचं मन मोडतंय. मी म्हटलं, मी सांगून झालंय. त्यांचं मन मजबूत आहे.

डॉक्टरकडे जायचं ठरल्यावर सरही निघाले. बहिणीसाठी येताहेत असं मला क्षणभर वाटलं. पण रिक्षात त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता. एवढे संधिवाताचे रुग्ण डॉक्टरांकडे येतात, तर आपल्या तपासणीसाठी त्यांचे नमुने मिळतील का, हे त्यांना विचारायचं होतं.

इथे मध्येच सांगून टाकते, म्हणजे मला त्याकडे पुन्हा वळावं लागणार नाही. सरांचा एकही निबंध मागे घेतला गेला नाही. माझा कापलेल्या पेशींचा भाग थिसिसमध्ये राहिला, कारण बाहेरच्या परीक्षकांना तोच आवडला. सरांनी सही केली. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांनी परीक्षकांना सांगितलं की अँटिबॉडीवर आंधळा विश्वास ठेवू नये हे मी या मुलांना पहिल्यापासून शिकवत आलोय. निवृत्त झाले तेव्हा त्यांना म्हैसूर पेटा बांधला, शाल पांघरली, चंदनाचा हार घातला. फोटोत माकडटोपीऐवजी पेटा असल्यानं ते बरे दिसतात.

डॉक्टरांकडे गर्दी होती. बन्नूरहून आलेली एक बाई परतीची बस चुकेल म्हणून सारखी दाराकडे बघत होती. अक्कांनी तिला आपला नंबर दिला आणि आम्ही आणखी बसलो. तेवढ्या वेळात सरांनी त्या बाईच्या नवऱ्याला अण्णांचं चरित्र दोरी तुटेपर्यंत सांगितलं.

आत गेल्यावर सर मधल्या खुर्चीत बसले. अक्का कडेच्या, मी मागे स्टुलावर. डॉक्टर तरुण होते, कन्नडात बोलत होते, पण एव्हाना मला सगळं समजत होतं. त्यांनी अक्कांची बोटं एकेक करून दाबली, एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेरांतली खाल्लेली हाडं पेनानं दाखवली. जेवढं वाकलंय ते आता सरळ होणार नाही. गोळ्या लगेच चालू केल्या तर उरलेलं वाचेल. कुच्चु पुन्हा बांधता येईल का, असं अक्कांनी विचारलं. डॉक्टरांना कुच्चु म्हणजे काय ते माहीत होतं, त्यांच्या आईच्या साड्यांना असायचे. ते नाही म्हणाले.

अक्कांनी हात परत मांडीवर घेतले.

मग डॉक्टरांनी जुनी फाइल उलटसुलट केली आणि त्यांचा आवाज चढला. गोळ्यांनी तर चांगला गुण येत होता. त्या बंद कुणी केल्या?

मी तोंड उघडलं. अक्कांनी न बघता मागे हात करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्या बोटांना काही दाबता येत नव्हतं, तरी मला कळलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांना बोलायला जागा होती, वेळही होता. डॉक्टर उत्तराची वाट बघत थांबले होते. सर दिव्यावरच्या एक्स-रेकडे बघत होते.

"नाने बिट्टे," अक्का म्हणाल्या. मीच सोडल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घरात एवढा शिकलेला भाऊ असताना, तेही याच आजारावर संशोधन करणारा, त्याला न विचारता तुम्ही असं कसं केलंत, म्हणाले. शिकलेल्या घरातच असं व्हायला लागलं तर खेड्यातल्या लोकांना आम्ही काय सांगायचं?

त्यावर सरांनी मान हलवली. सावकाश, खेदानं, डॉक्टरांच्या बाजूनं.